पन्नास निरोगी पोटं

कोलशेतला चुलतभाऊ मितेशच्या हळदीची बैठक होती आणि कृतिकाला पोटं हवी होती. ती आईबाबांबरोबर आली ती एवढ्यासाठीच. हळदीला मटण किती किलो लागेल या विषयावर तिचं स्वतःचं असं मत नव्हतं.

एमबीबीएसच्या शेवटच्या वर्षाचं प्रॅक्टिकल सोळा दिवसांवर आलं होतं. लेखीची तिला काळजी नव्हती. प्रश्न छापील असला की उत्तर तिच्याकडे असायचं, पण माणूस पुढ्यात झोपलेला असला की पंचाईत व्हायची. कॉलेजच्या स्किल लॅबमध्ये एक रबरी धड आहे. यकृत, प्लीहा, जे वाढवायचं असेल ते मागचं झाकण उघडून त्याच्या पोटात बसवता येतं. त्या धडाची प्लीहा कृतिकाच्या हाताला दरवेळी लागायची, कारण ती बसवताना ती तिथेच उभी असायची.

मग प्रिलिम झाली. परीक्षेच्या आदल्या रात्री वॉर्डातल्या पेशंटांची यादी मुलांच्या ग्रुपवर फिरते. कुठल्या खाटेवर कोण, कशाने आजारी, सगळं त्यात असतं. यादीप्रमाणे अकरा नंबरच्या खाटेवर चार बोटं वाढलेली प्लीहा होती. कृतिकाने संकोचून चादरीखालूनच हात घातला. हाताला काहीच लागलं नाही. तिने हातापेक्षा यादीवर भरवसा ठेवला आणि लिहून टाकलं, प्लीहा चार बोटे. सकाळी सिस्टरांनी खाटा बदलल्या होत्या, हे ग्रुपवर आलं नव्हतं.

"कुठे आहे प्लीहा?" मॅडमनी विचारलं.

"इथे, मॅम. डाव्या बरगडीखाली."

"अच्छा. यांचा अपघात झाला तेव्हा ती काढून टाकली. सहा वर्षं झाली." मॅडमनी चादर बाजूला केली. पोटावर वीतभर लांब व्रण होता. "काका, सांगा हिला, कुठे ठेवलीत?"

पेशंट ओशाळून हसला, जणू पोरीची अडचण त्याच्याचमुळे झाली होती.

मॅडम ओरडल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "पन्नास निरोगी पोटं तपासून ये. यादी न बघता. निरोगी पोट हाताला ओळखीचं झालं, की आजारी आपोआप परकं लागतं."

तेव्हापासून कृतिकाकडे एक वही होती. कोपरच्या सोसायटीतली एकोणीस पोटं त्यात झाली होती. सेक्रेटरी दोनदा येऊन गेले, पण दुसऱ्या वेळचं तिने धरलं नाही. बाबांचं पोट वहीत नव्हतं. बाबांना पोट उघडं करायला लाज वाटायची आणि कृतिकाला मागायला.

बाबांना, म्हणजे महिपतला, कोलशेतला यायचीही लाज वाटायची. ती मात्र वेगळी होती. अकरा वर्षांपूर्वी खाडीकडची मिठागराची जमीन टॉवरला गेली, भूमिपूजन झालं आणि नाक्यावर वीस फुटी बॅनर लागला. बॅनरवर अकरा फोटो होते. मधोमध थोरले भाऊ नाथा, भोवती आमदारापासून बिल्डरच्या सासऱ्यापर्यंत सगळे. महिपत नव्हता. त्याने तो बॅनर खालून तीनदा मोजला, बायकोमुलीला घेतलं आणि बायकोच्या माहेराजवळ, डोंबिवलीशेजारच्या कोपरला बिऱ्हाड केलं. तेव्हापासून दोघे भाऊ लग्नात, मयतात, गणपतीत शेजारी बसत, पण बोलत नाथाच्या बायकोमार्फत. भीमाबाई मध्ये बसायच्या, निरोप दोन हात पलीकडे पोचवायच्या आणि बहुतेक वेळा लसूण सोलत असायच्या.

बैठकीतही तेच चाललं होतं.

"त्याला विचार," नाथा भीमाबाईंना म्हणाले, "कोपरवरून मानसा किती येतील?"

"किती येतील, भावजी?"

"वहिनी, सांगा, पन्नास धरा."

"पन्नास बोलतंय."

"ऐकला," नाथा म्हणाले.

मालन, कृतिकाची आई, सोफ्याच्या कडेला बसून हे बघत होती. ती बँकेत होती. एवढे सोपे व्यवहार इतक्या खिडक्यांमधून झालेले तिने बँकेतसुद्धा पाहिले नव्हते. तिने लेकीला आणलं होतं ते एका अटीवर, वरच्या खोलीत बसून रोजचे दीडशे एमसीक्यू संपवायचे. पीजीची सीट एमसीक्यूवर मिळते. पोटं दाबून मिळाल्याचं तिच्या ऐकण्यात नव्हतं. अर्ध्या तासाने ती चहा घेऊन वर गेली तेव्हा फोन चार्जिंगला होता, पस्तिसावा प्रश्न उघडा होता आणि मुलगी खालच्या मागच्या खोलीत पलंगाच्या उजव्या बाजूला उभी होती. पलंगावर नवरदेव मितेश टी-शर्ट गळ्याशी धरून खिंकाळत होता.

"गुदगुल्या होतात यार, कृतू!"

"हलू नको ना. गुडघे वर घे. श्वास घे."

मितेशने श्वास घेतला. दारात जमलेल्या चौघापाचजणांनीही घेतला. कृतिका 'श्वास घ्या' म्हणाली की खोलीभर छात्या वर येत, हे तिने कोपरलाच बघितलं होतं.

"वीस," तिने वहीत लिहिलं. "विकीदादा, तू ये."

"माझं नको," मितेशचा मित्र विकी दारातून मागे सरकला. "काल पार्टी झालेली. तुझ्या वहीत येईल सगळं."

"वहीत फक्त प्लीहा येते."

"मग लिही, आहे म्हणून. एवढं काय!"

"असंच लिहिलेलं मागच्या वेळी," कृतिका म्हणाली. विकी मुकाट्याने आडवा झाला.

त्याच्यानंतर आवडाबाई आल्या. नाथा-महिपतची आत्या, वय ऐंशीच्या पुढे, किती पुढे ते आधारकार्डालाही नक्की ठाऊक नाही. चाळीस वर्षं त्यांनी खाडीतल्या चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, पाटीत घालून टेंभी नाक्याला विकल्या होत्या. त्या पलंगावर निजल्या आणि छताकडे बघत कृतिकाचं दाबणं सहन करू लागल्या.

"काय शोधतंस गो?"

"पाणथरी, आजी." प्लीहेला हा शब्द तिला सोसायटीच्या वॉचमननेच शिकवला होता.

"मंग वरशी दाबून काय गावंल? हात भाजतंय का तुजा?" आवडाबाई उठून बसल्या. त्यांनी कृतिकाची बोटं आपल्या हातात घेतली. "चिंबोरी भरलेली हाय का पोकल, कसा कलतं?"

"कसं?"

"गिऱ्हाईक डोल्यान बगतं, कवरी मोठी हाय. फसतं. आपुन पाटीत हात घालायचा, पाठीमागच्या पायाजवल पोटाला बोट लावायचा, नी थांबायचा. दाबायचा नाय. थांबायचा. भरलेली असली का तीच बोटाला सांगतं." त्यांनी कृतिकाचा हात तिच्याच दंडावर टेकवला आणि तसाच ठेवला. "तू जातंस पोलिसासारकी, दार ठोकत. घरातला मानूस बाहेर येल कशाला?"

पुस्तकात हे होतं. बोटं स्थिर ठेवा, श्वासाबरोबर अवयव बोटांकडे येऊ द्या. पान दोनशे बारा. कृतिकाने ते तीनदा अधोरेखित केलं होतं. चिंबोरीचा उल्लेख त्यात नव्हता, म्हणून बहुधा लक्षात राहिलं नसावं.

भीमाबाईंचं पोट दार लावून झालं. तेवीस. जाताना त्या दारातच घुटमळल्या.

"यांचा पन बग ना."

"काकांचं? ते देतील?"

"तू माग. मी सांगलं असा बोलू नको."

नाथा पोट द्यायला लगेच तयार झाले, कारण बैठकीत मटणावरून वाद चालला होता आणि उठायला निमित्त हवं होतं. शिवाय शेजारच्या सोफ्यावर महिपत होता. पुतणीने चारचौघांत 'काका, तुमचं पोट हवंय' म्हणावं आणि ते महिपतने ऐकावं, यात त्यांना समाधान वाटलं. सदरा वर करून ते आडवे झाले. एकाहत्तर वर्षांचा माणूस, हात अजून वल्ह्यासारखे.

"नॉर्मल लिव," ते म्हणाले. "मना काय झालेला नाय."

"आधी विचारायचं असतं, काका. भूक कशी आहे?"

"चांगली."

"अर्धी भाकर टाकतान," दाराबाहेरून भीमाबाईंचा आवाज आला. "दोन महिनं झालं. चार घास खाल्लं का पोट भरला बोलतान. ती भाकर मीच बाहेर कुत्र्याला घालतंय."

"तुना कोन विचारतंय?"

"नी लेंग्याची नाडी दोनदा वाढवली. मना वाटला, सुखाचा पोट हाय."

कृतिकाने हात एकमेकांवर चोळून गरम केले. उजवीकडे खालून सुरुवात केली, श्वासागणिक बोटभर तिरकी वर सरकत. डावा हात मागून बरगड्यांना आधार. "श्वास घ्या." काही नाही. "सोडा. घ्या." काही नाही. बेंबी ओलांडली. तिने दाबणं सोडून दिलं आणि बोटं नुसती ठेवली. थांबली.

"घ्या."

आणि आतून काहीतरी हळूच आलं, तिच्या तर्जनीला टेकलं आणि श्वासाबरोबर परत गेलं.

ती तशीच उभी राहिली. पुन्हा म्हणाली, घ्या. ते पुन्हा आलं. कडा होती, गुळगुळीत, मध्ये एक खाच. तेवीस पोटांत असं कुणी भेटायला आलं नव्हतं. तिने त्यांना उजव्या कुशीवर वळवून बघितलं, बरगड्यांवर बोट ठोकून बघितलं. जिथे पोकळ वाजायला हवं तिथे बद्द वाजत होतं. तिने वहीत लिहिलं, २४, प्लीहा, तीन बोटे. मग पेन बंद केलं, सगळं खोडलं आणि तेच पेन्सिलने लिहिलं.

"नॉर्मल?" नाथांनी विचारलं.

"काका, सोनोग्राफी करून घेऊया एकदा."

दारात शांतता झाली. मग ती शांतता हॉलमध्ये गेली आणि तिथली माणसं उठून दारात आली. मालन सगळ्यांत पुढे होती.

मालनला आधी राग आला तो घड्याळाचा. एक वाजला होता, एमसीक्यू पस्तीसवरच होते. मग तिला दिसलं की सगळं कोलशेत आपल्या मुलीकडे बघतंय, भीमाबाईंच्या डोळ्यांत पाणी आहे, आणि पोरीचा चेहरा प्रिलिमच्या दिवशी होता तसा झालाय. हळद तोंडावर. उद्या रिपोर्ट नॉर्मल आला तर हे लोक काय म्हणतील ते तिने मनातल्या मनात ऐकलं. नाथांच्या आवाजातच ऐकलं. मग तिने जे केलं ते लेकीला वाचवायला केलं, असं तिचं आजही म्हणणं आहे.

"भाऊजी, घाबरू नका," ती म्हणाली. "शिकतेय अजून ती. मागच्या महिन्यात परीक्षेत एका माणसाची प्लीहा चार बोटं वाढलीय असं लिहून आली. त्या माणसाला प्लीहाच नव्हती. ऑपरेशनने काढलेली."

विकी हसला. मितेशने त्याच्या पायावर पाय दिला.

"आई!" कृतिका म्हणाली.

"खरं तेच सांगतेय ना?"

"खरं आहे," कृतिका म्हणाली. तिचे कान लाल झाले होते. "त्या दिवशी हाताला काही लागलं नव्हतं, तरी लिहिलं. आज लागलंय."

"नक्की?" हे बाबा. बैठक सुरू झाल्यापासून त्यांचा हा पहिला शब्द होता जो भीमाबाईंमार्फत आला नव्हता.

नक्की आहे का, हा प्रश्न छापील नव्हता. कृतिकाने बोटांकडे बघितलं. "मला नक्की वाटतंय," ती म्हणाली. "पण माझं नक्की कितपत नक्की असतं, ते आईने सांगितलंच."

पलंगावर नाथा सदरा खाली करून उठून बसले होते. त्यांना सोनोग्राफीला जायचं नव्हतं. आपल्या पोटात काही आहे हे त्यांना दोन महिन्यांपासून माहीत होतं. हळद होईपर्यंत ते तिथेच राहावं आणि कुणाला कळू नये, असा त्यांचा विचार होता. मुलाच्या हळदीत बापाने नाचायचं असतं, रिपोर्ट घेऊन फिरायचं नसतं. 'पोरगी चुकली' म्हणून हसून उठणं आता अगदी सोपं होतं. डोंबिवलीवालीने दार उघडून दिलं होतं, नुसतं बाहेर पडायचं होतं.

पण डोंबिवलीवालीने उघडलेल्या दाराने नाथा आयुष्यात कधी बाहेर पडले नव्हते.

"मालन," ते म्हणाले, "आमची पोर चुकीचा सांगल?"

"भाऊजी, तसं नाही—"

"मोठी डाक्टर होनार ती. आत्या, तू बग गो."

आवडाबाईंनी पुढे होऊन भाच्याच्या सदऱ्यात हात घातला. खोलीने श्वास रोखला, नाथांनी घेतला.

"भरलेली हाय," आवडाबाई म्हणाल्या. हात काढून त्यांनी पदराला पुसला. "आमच्या येलेला हिवतापान पोरांच्या वाढायच्या, तशी. हिचा हात बरोबर हाय. हिची आय घाई करतंय."

वैद्यकशास्त्रात या मताला कितपत वजन आहे हे कृतिकाला सांगता आलं नसतं. मालनला मात्र त्या खोलीतलं वजन कळलं. मग पर्स उघडून तिने फोन काढला.

"घोडबंदर रोडला एक सेंटर आहे," ती कोरड्या आवाजात म्हणाली. "आमच्या बँकेचे कस्टमर आहेत. उद्या सकाळची पहिली अपॉइंटमेंट घेते. उपाशी यावं लागतं, भाऊजी. चहासुद्धा नाही."

कृतिकाने आईकडे बघितलं. मालनने तिच्याकडे बघितलं नाही, पण जवळून जाताना तिची वही नीट बंद करून तिच्या हातात दिली.

मितेश म्हणाला, मी नेतो. पण मितेशला उद्या हॉलवाल्याला भेटायचं होतं. विकी म्हणाला, मी नेतो. त्याला कुणी उत्तर दिलं नाही. नाथा पलंगाच्या कडेला बसून जमिनीकडे बघत होते.

"साडेनवाला गाडी आन," ते म्हणाले.

भीमाबाईंनी सवयीने तोंड उघडलं आणि मिटलं. त्यांच्या ओटीत लसणाचा गड्डा होता, त्यातली एक पाकळी त्यांनी निवडून घेतली. नाथा महिपतकडे बघून बोलले होते. महिपत भीमाबाईंकडे बघत होता, निरोप कधी येतो याची वाट बघत. निरोप येईना. भीमाबाई फार मन लावून सोलत होत्या.

"आनतो," शेवटी महिपत म्हणाला. मग एवढंच पुरेल की नाही असं वाटून पुढे म्हणाला, "नवालाच आनतो. रस्त्याला काम चाललंय."

सोमवारी सोनोग्राफी सेंटरच्या बाकावर दोघे भाऊ मध्ये एक जागा सोडून बसले. ती जागा भीमाबाईंची होती, पण त्या आल्या नव्हत्या. 'तुमी दोघं जा, मना हलदीची काम हायत,' एवढंच त्या म्हणाल्या होत्या. मालन काउंटरवर फॉर्म भरत होती. तिने अर्ध्या दिवसाची रजा टाकली होती आणि ती का टाकली हे कुणी विचारू नये अशा चेहऱ्याने ती वावरत होती.

कृतिका आत उभी राहिली. अंधारात पडद्यावर करडा पाऊस पडत होता. रेडिओलॉजिस्टने डाव्या बरगडीखाली जेल लावून प्रोब फिरवला, दोन ठिपके ठेवले, मध्ये रेघ ओढली. कोपऱ्यात आकडा आला. पंधरा पॉइंट आठ सेंटिमीटर. बारापर्यंत असायला हवी.

"कोणी पकडली?" त्याने विचारलं. "लक्षणं विशेष नाहीत म्हणतायत."

"मी."

"एवढी लागली हाताला? गुड."

आणि कृतिकाला आनंद झाला. खरा, अंगभर, पहिला नंबर आल्यासारखा. हात बरोबर होता. हात बरोबर होता! तो आनंद दोन श्वास टिकला. मग तिला पडद्याखालचं पोट दिसलं, त्यावरची ढिली नाडी, आणि छताकडे बघत असलेले काका. तिला त्या आनंदाची इतकी लाज वाटली की तिने टिश्यूचा डबा उचलला आणि त्यांच्या पोटावरचं जेल स्वतःच पुसायला घेतलं.

"व्हती ना?" नाथांनी हळूच विचारलं.

"होती, काका."

"किती?"

"मी लिहिलेली तेवढीच. तीन बोटं."

"मंग तोंड कशाला पाडतंस?"

"आता रक्ताच्या तपासण्या होतील. कशामुळे वाढलीय ते शोधायचं. जुना मलेरिया असेल, किंवा... बऱ्याच गोष्टी असतात." बऱ्याच गोष्टींची यादी तिला तोंडपाठ होती, सोळा कारणं, क्रमाने. ती यादी म्हणावीशी वाटली नाही अशी ही पहिलीच वेळ.

"साध्या पन असतान का त्यात?"

"असतात. बऱ्याच साध्या असतात. वाईटही असतात. मी प्रत्येक वेळी तुमच्यासोबत येईन."

नाथांनी थोडा विचार केला. "लवकर गावली, ता बरा ना?"

"खूप बरं."

"मंग ता पेनान लिव आता."

रक्त देऊन कोलशेतला परत आले तेव्हा अकरा वाजले होते. भीमाबाईंनी भाकरी टाकल्या, नाथांच्या ताटात अर्धीच वाढली. कृतिका मागच्या खोलीत पलंगावर बसून वही काढत होती. चोवीस नंबरची पेन्सिल तिने पेनाने गिरवली. नाथा खुर्ची ओढून शेजारी बसले आणि तिच्या खांद्यावरून वाचू लागले. वाचता वाचता त्यांच्या लक्षात आलं.

"तुज्या बाईन निरोगी सांगलेली ना? पन्नास?"

"हो."

"मंग माजा यात नाय बसत. एक कमी झाला."

"राहू दे, काका. शोधते दुसरं."

"शोधायचा कशाला?" नाथांनी हॉलकडे तोंड करून हाक मारली. "महिपत! आत ये. नी सदरा काड."

महिपत दारात आला. मालन त्याच्या मागे होती. तिने फक्त त्याच्या पाठीला दोन बोटं लावली.

"दादा, माझं कशाला," महिपत म्हणाला.

"याचा लिव," नाथा कृतिकाला म्हणाले. "याला कदी काय होत नाय. अकरा वर्सा नुसता फुगून बसलाय."

महिपतने एक बटण काढलं, मग दुसरं. तो पलंगावर आडवा झाला, छताकडे बघत. कृतिका उजव्या बाजूला आली. तिने हात चोळले, गरम होईपर्यंत चोळले, आणि बोटं बाबांच्या पोटावर नुसती ठेवली.

"श्वास घ्या," ती म्हणाली.

महिपतने घेतला. शेजारच्या खुर्चीवर नाथांनीही घेतला.